घेणे आणि सोडणे : पुणेरी पलटणच्या कारभाऱ्यांस खुले पत्र

औंध, जिल्हा सातारा

पुणेरी पलटण कबड्डी संघाचे कारभारी यांस,



हे पत्र ज्या औंधाहून लिहीत आहे ते आपल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलाजवळचे, उंच इमारतींचे औंध नव्हे. खटाव तालुक्यात यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेले, एके काळी पंतप्रतिनिधींच्या संस्थानाची राजधानी म्हणून नांदलेले आणि आज तालुक्याच्या ठाण्याचाही मान नसलेले आमचे औंध होय. आपल्या कचेरीत आमची कोणाशी ओळख नाही, आपल्या कंपनीत आमची भागीदारी नाही आणि आपल्या कारभारात ढवळाढवळ करण्याचा कायदेशीर अधिकार तर आम्हांला मुळीच नाही. तथापि ज्या साताऱ्यात गेल्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत हुतूतूला नियमांची चौकट बसविण्याचे उद्योग झाले, त्या साताऱ्याच्या माणसाला कबड्डीविषयी दोन शब्द बोलण्याचा वहिवाटीचा हक्क आहे, असे मी समजतो. आणि ज्या दिवशी आपल्या संघाने स्वतःस ‘पुणेरी’ म्हणवून घेतले त्या दिवसापासून घाटाच्या अलीकडचा व पलीकडचा मराठी प्रेक्षक हा आपला बिनकागदी भागीदार झाला आहे, ही गोष्ट आपणही नाकबूल करणार नाही.

पुढच्या लिलावाची बोलणी सुरू होण्यापूर्वी, म्हणजे कोणास ठेवावे, कोणास निरोप द्यावा आणि कोणावर किती रक्कम लावावी याविषयीची मसलत आपल्या दालनात पक्की होण्याआधीच, एक विचार आपल्यापुढे मांडावा, एवढाच या पत्राचा हेतू आहे. तो विचार थोडक्यात असा की, संघाच्या कारभाऱ्याची पारख लोक तो कोणाला घेतो यावरून करतात. वस्तुतः ती तो कोणाला, केव्हा आणि कोणाच्या भरवशावर सोडतो यावरून व्हावयास हवी.

प्रथम आपल्या पदाविषयी. पौषात आमच्या यमाईची यात्रा भरते तेव्हा कुस्त्यांचे मैदान होते, आणि त्या मैदानात सर्वांत कमी दिसणारा परंतु सर्वांत अधिक जबाबदार माणूस म्हणजे जोडी ठरविणारा. तो लंगोट लावीत नाही, अंगाला माती लागू देत नाही, त्याच्या नावाने हलगी वाजत नाही. परंतु जोड विजोड ठरली की इनामाचा आकडा कितीही मोठा असला तरी मैदान फसते आणि लोक उठून घरची वाट धरतात. आपले पद याच जातीचे आहे. चढाई करणाऱ्याच्या नावे गुण लागतात, पकड करणाऱ्याच्या नावे गुण लागतात, प्रशिक्षकाला विजयानंतर खांद्यावर घेतात. पण अमुक खेळाडू डाव्या कोपऱ्यात उभा होता तो मुळात तेथे कसा आला, या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या दप्तरात असते त्याचे नाव गुणफलकावर कोठेच उमटत नाही. गुणफलकावर नाव नाही म्हणून जबाबदारीही नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे.

आता आपल्याच दप्तरातील गेल्या काही वर्षांची नोंद पाहू. 2022 च्या लिलावात आपण इराणच्या फजल अत्राचलीसाठी 1 कोटी 38 लाख रुपये मोजले. त्याआधी तो यू मुंबा या संघाचा कर्णधार होता. म्हणजे शेजारच्या वाड्यातील खांब आपण आपल्या वाड्यात आणून उभा केला. त्या वर्षी आपला संघ प्रथमच अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि 17 डिसेंबर 2022 रोजी मुंबईत जयपूरच्या संघाकडून 33-29 असा हरला. चार गुणांचे अंतर हे कबड्डीत एका चढाईचे अंतर असते. दुसरा एखादा कारभारी या पराभवाला दैवाची खोडी मानून तोच संघ पुन्हा उतरविता. आपण तसे केले नाही. फजलला आपण सोडले आणि पुढच्या लिलावात त्याचाच देशबंधू, पाटण्याच्या संघातून मोकळा झालेला मोहम्मदरेझा शादलुई, 2 कोटी 35 लाख रुपयांना घेतला. संपूर्ण संघासाठी 5 कोटींची मर्यादा असताना त्यातील जवळजवळ निम्मी रक्कम एका डाव्या कोपऱ्यावर लावणे हे अनेकांना त्या वेळी उधळपट्टीचे वाटले होते.

ती उधळपट्टी नव्हती हे 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेस सिद्ध झाले. हरयाणाला 28-25 असे नमवून पलटणने पहिला चषक मिळविला. परंतु त्या सामन्याची एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेतली नाही, आणि माझ्या प्रतिपादनाचा तोच कणा असल्यामुळे ती येथे थोडी विस्ताराने सांगतो. सामन्याचा काटा ज्या चढाईने आपल्या बाजूला झुकला ती पंकज मोहितेची होती. एकाच चढाईत त्याने चार गुण आणले आणि ज्या सामन्यात दोन्ही बाजू एकेका गुणासाठी घासाघीस करीत होत्या त्यात एकदम पारडे फिरले. हा मोहिते आपण लिलावात कोट्यवधींची बोली लावून आणलेला नव्हता. 2019 मध्ये तो नवोदित म्हणून आपल्याकडे आला आणि आपल्याच मॅटवर वाढला. कर्णधार अस्लम इनामदार हा नगर जिल्ह्यातला तरुणही तसाच नवोदितांच्या दालनातून वर आलेला, मोहित गोयतही तसाच. म्हणजे चषकाच्या एका कानाला शादलुईची किंमत लागली होती आणि दुसऱ्या कानाला आपण वर्षानुवर्षे केलेली मशागत. मोठी बोली सार्थ झाली ती ह्यामुळे की, ज्या संघात ती लावली त्यातील बाकीच्या जागा अगोदरच भरलेल्या होत्या आणि उणी होती ती नेमकी तीच एक.

येथवर सारे यशाचेच वर्तमान झाले. पुढची हकीकत आपणांस सांगावयास नको. तरी प्रेक्षकांच्या बाजूने ती कशी दिसली हे सांगणे अगत्याचे आहे. चषक मिळाल्यानंतरच्या लिलावात शादलुई आपल्याकडे राहिला नाही. तो 2 कोटी 7 लाखांना हरयाणाने घेतला. म्हणजे ज्या संघाला आपण अंतिम सामन्यात तीन गुणांनी हरविले होते, त्यानेच आपल्या पराभवाचे कारण शोधून ते विकत घेतले. अंतिम सामन्यात हरलेल्या संघाला कशाने हरलो हे जितके ठाऊक असते तितके जिंकलेल्याला कशाने जिंकलो हे ठाऊक नसते, असे म्हणतात ते उगीच नव्हे. त्याच वर्षी 29 डिसेंबरला पाटण्याचा 32-23 असा पराभव करून हरयाणाने आपला पहिला चषक उचलला, आणि तो उचलला कोठे, तर पुण्यात, बालेवाडीला, आपल्याच अंगणात. आपला संघ त्या वर्षी बाद फेरीपर्यंतही पोहोचला नव्हता.

त्याच्याही पुढचे वर्ष पाहावे. 31 ऑक्टोबर 2025 रोजी दिल्लीत आपण पुन्हा अंतिम सामन्यास उतरलो आणि दबंग दिल्लीकडून 31-28 असे हरलो. त्या दिवशी समोरच्या बचावफळीत कोण होते? तोच फजल अत्राचली, ज्याला आपण 2022 नंतर निरोप दिला होता. एका खेळाडूला सोडले तर तो पुढल्याच वर्षी दुसऱ्याचा चषक घेऊन गेला, आणि ज्याला त्याही आधी सोडले तो तीन वर्षांनी आपल्या वाटेत उभा राहिला. हे पाहून आमच्या पारावरच्या मंडळींनी आपल्याला अकलेचे कांदे ठरविले नसते तरच नवल.

परंतु मी हे पत्र त्या मंडळींच्या वतीने लिहीत नाही. किंबहुना त्यांच्याशी माझे भांडण आहे. निकाल लागल्यावर शहाणपण येणे हा प्रेक्षकाचा जन्मसिद्ध हक्क असला तरी तो न्याय नव्हे. फजलला सोडले म्हणून शादलुईसाठी रक्कम उरली आणि त्या रकमेने चषक आणला, हे विसरून फजलच्या नावाने गळा काढणे हा बेइमानीचा हिशेब होय. शादलुईला सोडले त्या वर्षीही आपल्या कर्णधाराला दुखापतीने बाहेर बसावे लागले, ही गोष्ट जमेस धरलीच पाहिजे. आणि सर्वांत मोठा पुरावा तर गुजरातचा आहे. 2025 मध्ये हाच शादलुई गुजरातने 2 कोटी 23 लाखांना घेतला. पण चषक काही त्याच्या मागोमाग गुजरातला गेला नाही. चषक एखाद्या माणसाच्या गाठोड्यात बांधलेला असता तर तो तिन्ही ठिकाणी उलगडला असता. पुण्यात मशागत झालेली होती, हरयाणात जयदीप दहियाच्या नेतृत्वाखाली घट्ट बचावफळी उभी होती, म्हणून त्या दोन ठिकाणी शादलुई परीस ठरला. तिसऱ्या ठिकाणी लोखंडच पुरते तापलेले नव्हते.

तेव्हा प्रश्न ‘शादलुईला का सोडले’ हा नाही. प्रश्न असा आहे की, त्याला सोडले त्या क्षणी त्याच्या जागी कोण उभा राहावयाचा होता, आणि तो तेथे उभा राहू शकतो याची परीक्षा आपण त्याआधी कोठे घेतली होती काय?

खेळाडू घेण्या-सोडण्याची ही विद्या ज्या देशात फार जुनी आहे त्या अमेरिकेतील बेसबॉलकडे क्षणभर पाहू. तेथे संघाचा महाव्यवस्थापक हा खेळाडूंची अदलाबदल करण्याचा जवळजवळ मुखत्यार असतो. जुलैअखेरीस अदलाबदलीची मुदत संपत आली की प्रशिक्षकांपेक्षा त्याच्याच दूरध्वनीकडे साऱ्या गावाचे कान लागलेले असतात. 15 जून 1964 रोजी शिकागोच्या कब्ज संघाने लू ब्रॉक नावाचा तरुण सेंट लुईसला दिला आणि मोबदल्यात मुख्यतः एर्नी ब्रॉलिओ हा नामांकित गोलंदाज घेतला. त्या दिवशी हा सौदा शिकागोच्या फायद्याचा आहे असेच पुष्कळांचे मत होते, कारण ब्रॉलिओने आदल्या वर्षी अठरा सामने जिंकून दिले होते. पुढे शिकागोसाठी त्याने सारे मिळून सात सामने जिंकले. ब्रॉक मात्र त्याच वर्षी सेंट लुईसच्या जगज्जेतेपदाचा एक आधारस्तंभ ठरला आणि निवृत्त होईपर्यंत 938 वेळा त्याने प्रतिपक्षाच्या डोळ्यांदेखत पुढचा टप्पा चोरला. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट ही की, ब्रॉकचे पाय शिकागोतही तेवढेच वेगवान होते. पण तेथे त्याच्याकडून जोरकस फटक्यांची अपेक्षा केली जात होती, आणि सेंट लुईसने त्याला मनसोक्त धावण्याची मुभा दिली. शिकागोने माणूस गमावला तो अदलाबदलीच्या कागदावर सही करताना नव्हे, तर आपल्याकडे असताना त्याची जागा न ओळखल्यामुळे.

याउलट बोस्टनची कथा. 1918 पासून त्या संघाला जगज्जेतेपद लाभलेले नव्हते. बेब रूथसारखा रत्नमणी 1919 च्या अखेरीस न्यूयॉर्कला विकून टाकल्याचा शापच लागला, असे तेथील लोक मानीत. 31 जुलै 2004 रोजी थिओ एप्स्टाइन या तरुण महाव्यवस्थापकाने साऱ्या बोस्टनचा लाडका नोमार गार्सियापारा याला सोडले आणि अदलाबदलीत ऑर्लंडो कब्रेरा व डग मिंटकेविच हे दोन चांगले क्षेत्ररक्षक घेतले. गावात हलकल्लोळ झाला. परंतु संघाला उणीव होती ती फटक्यांची नव्हे, झेलांची. आणि ती त्याने हेरली होती. ऑक्टोबरात बोस्टनने शहाऐंशी वर्षांची प्रतीक्षा संपविली तेव्हा शेवटचा गडी बाद करणारा चेंडू ज्याच्या हातात विसावला तो हा मिंटकेविचच होता. लाडक्याला सोडण्याचे धैर्य आणि त्याच्या जागेची आधी केलेली तजवीज, ही दोन्ही एकाच माणसाच्या अंगी असली म्हणजे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

इतक्या दूर जावयाचे नसेल तर मुंबईचे उदाहरण हाताशी आहे. मुंबई इंडियन्सच्या कारभाऱ्यांनी 2018 च्या अखेरीस क्विंटन डी कॉक बंगळूरकडून आणि 2019 च्या अखेरीस ट्रेंट बोल्ट दिल्लीकडून घेतला. दोन्ही व्यवहार लिलावाबाहेर, आपसांतील करारनाम्याने झाले. 10 नोव्हेंबर 2020 रोजी दुबईत अंतिम सामना झाला तो मुंबई आणि दिल्ली यांच्यातच. पहिलाच चेंडू बोल्टने टाकला, मार्कस स्टॉइनिसच्या बॅटीची कड घेऊन तो डी कॉकच्या हातमोज्यांत गेला, आणि दिल्लीला आपल्याच माजी गोलंदाजाने अंतिम सामन्याच्या पहिल्या चेंडूवर गारद केले. बोल्ट त्या सामन्याचा मानकरी ठरला. व्यवहाराने आलेला एक हात चेंडू टाकतो आणि व्यवहारानेच आलेला दुसरा हात तो झेलतो, असा योग कारभाऱ्याच्या आयुष्यात वारंवार येत नाही.

परंतु त्याच कारभाऱ्यांनी 2023 च्या नोव्हेंबरात गुजरातकडून हार्दिक पंड्या परत आणला आणि पाच चषक जिंकून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी त्याला कर्णधार केले, तेव्हा काय घडले हे साऱ्यांनी पाहिले. मुंबईचा संघ 2024 मध्ये तळाला गेला आणि वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी घरच्याच कर्णधाराची हुर्यो उडविली. हार्दिकचा खेळ संपला होता असे म्हणावे, तर त्याच वर्षीच्या जून महिन्यात बार्बाडोसला विश्वचषकाचे अखेरचे षटक त्यानेच टाकले, आणि जुलैच्या आरंभी त्याच वानखेडेने त्याचा जयजयकार केला. माणूस तोच, मैदान तेच, प्रेक्षकही तेच. चुकले होते ते एवढेच की, ज्या जागेवर त्याला बसविले ती जागा रिकामी झालेली नव्हती आणि ती का रिकामी केली जात आहे हे लोकांना पटेल अशा शब्दांत कोणी सांगितले नव्हते. रकमेचा हिशेब बरोबर आला आणि माणसांचा चुकला.

आता आमच्या औंधाची गोष्ट सांगतो, कारण तिचा मोह आवरत नाही आणि ती येथे अप्रस्तुतही नाही. बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे संस्थान ते केवढे! साताऱ्यापासून आटपाडीपर्यंत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली अवघी बहात्तर गावे, तीही बहुतांशी पर्जन्यछायेतली. आजच्या भाषेत बोलावयाचे तर सर्वांत लहान थैलीचा संघ. या संस्थानाने मोठी बोली लावून कोणालाही आणले नाही; दुसऱ्यांनी सोडलेले तेवढे ओळखले. बेळगावच्या नगरपालिकेने शहराच्या विस्तारासाठी कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा खाली करावयास सांगितली, तेव्हा बाळासाहेबांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान आणि नागांची वारुळे. 1910 साली त्या रानात किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि बेळगावाने जे सोडले ते आज सांगली जिल्ह्याच्या नावावर जमा आहे. वेदाभ्यासक पंडित सातवळेकर लाहोर सोडून, राजद्रोहाच्या किटाळातून जाऊन, 1918 च्या सुमारास आमच्या गावी आले. त्यांचे स्वाध्याय मंडळ आणि वेदांच्या छापील आवृत्त्या येथेच आकारास आल्या. 

खुद्द लक्ष्मणरावांनी वाडीत जी माणसे जमविली तीही इतरांच्या यादीत न बसणारी होती. शाळा अर्धवट सोडलेल्या अनंतराव फळणीकरांतून त्यांनी कल्पक यंत्रज्ञ घडविला, मंगेशराव रेग्यांवर सारा हिशेब सोपविला, आणि दरोड्याची शिक्षा भोगून आलेल्या दोघांच्या हाती वाडीची राखण दिली. गुणवत्तेची पारख जगाच्या बाजारभावाहून निराळ्या मापाने करावयाची, आणि पारख केली की त्या माणसाला हक्काची जागा द्यावयाची, ही बाळासाहेब आणि लक्ष्मणराव या दोघांची रीत. संस्थान आणि कबड्डीचा संघ यांत अंतर आहे, हे मला कळते. राजाला दरवर्षी यादी जाहीर करावी लागत नव्हती आणि त्याच्या थैलीवर कोणी मर्यादाही घातलेली नव्हती. परंतु लहान थैलीच्या कारभाऱ्याला तगून राहावयाचे असेल तर हीच एक रीत आहे, आणि आपण नवोदितांच्या बाबतीत ती पाळली तेव्हा तिने आपल्याला चषक दिला, हे विसरू नये.

सबब आपल्यापाशी माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली ही की, ज्याला सोडावयाचे त्याच्या जागी उभा राहणारा खेळाडू आदल्या हंगामातच मॅटवर तपासून घ्यावा. सामना हातात असताना शेवटच्या काही मिनिटांत, साखळीतील जागा निश्चित झाल्यावर उरलेल्या सामन्यांत, डाव्या कोपऱ्यात त्या तरुणाला उभे करून पाहण्यास आपल्याला कोणी मज्जाव केलेला नाही. ज्याची परीक्षा झालेली नाही अशा वारसाच्या भरवशावर खांब काढणे हे धाडस नव्हे, जुगार होय. आणि वारस तयार नसेल, तर शेवटच्या बोलीइतकी रक्कम भरून आपला खेळाडू राखून घेण्याची जी सवलत स्पर्धेच्या नियमांत आहे, तिचा उपयोग करण्यास संकोचू नये.

दुसरी विनंती अशी की, निरोपाचे कारण सांगत जावे. आपण खेळाडूला सोडता तेव्हा प्रसिद्ध होते ती केवळ नावांची यादी. ज्याचे नाव त्या यादीत नाही तो गेला, असे समजून घ्यावयाचे. गरज सरो, वैद्य मरो, अशी ही रीत दिसते आणि ती आपल्याला शोभत नाही. ज्याने दोन-चार वर्षे आपल्यासाठी गुडघे फोडून घेतले त्याला ही वार्ता प्रथम आपल्या तोंडून समजावी, वर्तमानपत्रांतून नव्हे. आणि त्यानंतर चार वाक्यांत प्रेक्षकांना सांगावे की, अमुकची किंमत एवढी होती, तेवढ्यात आम्ही अमुक तिघांना राखू शकलो, आणि त्याच्या जागी अमुक उभा राहील. हे वाचून आम्ही कदाचित भांडू. परंतु अंधारात भांडण्यापेक्षा उजेडात भांडणे केव्हाही बरे. दोन-तीन हंगाम उलटल्यावर त्याच निवेदनाशेजारी निकाल मांडून आपली आपणच तपासणी केलीत, तर आपल्यानंतर त्या खुर्चीवर येणाऱ्याला तेवढी शिदोरी पुरेल.

तिसरी विनंती आमच्या मुलखाची. पुण्या-मुंबईच्या, नगरच्या व कोकणच्या मैदानांवर आपली माणसे फिरतात हे ठाऊक आहे. त्यांना एकदा माण, खटाव आणि आटपाडी या तीन तालुक्यांतही पाठवावे. येथे पाऊस कमी पडतो आणि पोरे पहाटे उठून सैन्यभरतीसाठी धावतात. त्यांतली जी उंचीत वा मापात बसत नाहीत ती गावी परततात आणि संध्याकाळी शाळेच्या पटांगणात चुन्याच्या रेषा आखून कबड्डी खेळतात. त्यांच्या पकडीत किती जोर आहे हे पाहण्यासाठी कोट्यवधी रुपये लागत नाहीत, पारखी डोळा लागतो. दुसऱ्या भरतीने नापास केलेल्यांतून पलटण उभी करणे हे तर आमच्या संस्थानाच्या परंपरेला धरूनच होईल.

आपण यापुढे कोणाला घ्यावे, याविषयी मी एक अक्षरही लिहिलेले नाही, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. ते काम आपले आहे, आणि ते आपण आमच्यापेक्षा चांगले जाणता. 2 कोटी 35 लाखांची बोली लावण्याची छाती माझी झाली नसती. परंतु चांगली खरेदी एका हंगामाचे भाग्य उजळते, तर विचारपूर्वक केलेली सोडचिठ्ठी पुढच्या पाच हंगामांची घडी बसविते, आणि विचाराविना केलेली ती तितकीच विस्कटते. पुढील यादी जाहीर कराल त्या दिवशी राखलेल्यांच्या नावांखाली सोडलेल्यांसाठी आणि त्यांच्या वारसांसाठी दोन ओळी राखून ठेवाव्यात. त्या पटल्या नाहीत तर पुन्हा असेच पत्र लिहीन. पटल्या तर बालेवाडीला तिकीट काढून येईन.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
औंधचा एक कबड्डीप्रेमी